निकाहच्या वाटेतला कोल्हा

आमच्या घरात थाप मारण्याला 'कोल्हा सोडणं' म्हणतात. दूधवाल्यानं सांगितलं की आज म्हशीनंच कमी दूध दिलं, की आई आतून ओरडते, "सोडला बघ कोल्हा!" बरीच वर्षं मी समजत होते की सगळा महाराष्ट्र असंच बोलतो. मग शाळेत एकदा निबंधात लिहिलं, बाईंनी सगळ्या वर्गासमोर अर्थ विचारला, तेव्हा कळलं की हे बोलणं आमच्याच घरातलं आहे. घरात ते आलं चाचांकडून, आणि घरातला एकच माणूस ते कधी वापरत नाही. ते म्हणजे बाबा. कारण तो कोल्हा बाबांचा आहे.

चाचा हे बाबांचे दोस्त. भिवंडीच्या निजामपुऱ्यातले कोकणी मुसलमान, पिढीजात लूमवाले, यंत्रमागावर कापड विणणारे. बाबा मानकोलीच्या खाडीकाठचे आगरी, मिठागरातून उठून लूमवर आलेले. चाचांच्या मामूंच्या कारखान्यात दोघं तरुणपणी एकत्र लागले, पुढे भागीदारीत लूम घेतले, पुढे भागीदारीतच भंगारात विकले. भांडण रोजचं, पण भागीदारी कधी तुटली नाही.

आता तो कोल्हा. चाचांच्या निकाहच्या दिवशी बाबा गावाहून सायकलवर निघाले. तेव्हा वाट खाडीच्या बांधावरून होती. एका अंगाला तिवरांची खारफुटी आणि चिखल, दुसऱ्या अंगाला खाऱ्या पाण्यानं भरलेली शेतं. त्या बांधाच्या मधोमध एक कोल्ही आपली पिल्लं घेऊन बसली होती. आमच्या घरात कोल्ह्याचं तोंड दिसणं शुभ मानतात. पण त्याला एक पोटकलम आहे. कोल्हा वाटेत बसला असेल तर त्याला हुसकायचं नाही. तो आपणहून उठेपर्यंत थांबायचं. नाहीतर ज्या कामाला निघालात त्या कामाची बरकत जाते. बाबा निघाले होते दोस्ताच्या लग्नाला. ते थांबले. पिल्लांना काही कुठे निकाहला जायचं नव्हतं, त्यांचा खेळ चालू राहिला.

बाबा पोचले तेव्हा लोक जेवून हात धूत होते. चाचांनी आपल्या शेजारची जागा त्यांच्यासाठी शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती म्हणे. सगळ्या मंडपासमोर त्यांनी विचारलं, कुठे होतास? बाबांनी खरं ते सांगितलं. मंडप हसला. चाचाही हसले, आणि तेव्हापासून भिवंडीत कुणीही कसलीही थाप मारली की चाचा म्हणायचे, "छोड़ा इसने कोल्हा."

बाबा दर वेळी उत्तर द्यायचे, "कोल्हाच व्हता."

"कुत्ता था."

"कोल्हा व्हता."

मी लहानपणापासून हे ऐकत आले. इतर मुलांना अंगाई ऐकवतात.

गेल्या हिवाळ्यात चाचांचं कतारला, दोह्याला जायचं ठरलं. मुलगा तिकडे, सूनही तिकडे, इथे लूम गेले, घराखालचा खटखटाट गेला, आणि चाचींचे गुडघेही गेले. कायमचंच जाणं होतं. बाबांनी बातमी ऐकली आणि "बरं झालं, शांतता मिळंल" म्हणाले. पण मग ते रात्रीचे जेवताना मध्येच थांबायचे. एकदा भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "मानूस तिकडं जाईल आन् समजत राहील की मी खोटारडा हाय." आई म्हणाली, "एवढ्या वर्षांनी त्याचं काय घेऊन बसलात?" बाबा म्हणाले, "एवढी वर्सं झाली म्हनूनच."

मला बापाची दया सहसा येत नाही, कारण ते तशी वेळच येऊ देत नाहीत. त्या दिवशी आली.

मी मानकोलीच्या एका गोदामात डिस्पॅच बघते. आमच्या गोदामाची मागची भिंत तिवरांना लागून आहे आणि तिथल्या कॅमेऱ्यात अधूनमधून काहीतरी चालत जाताना दिसतं. वॉचमन म्हणतो कोल्हा आहे. मी त्याच्याकडून ते चित्र मोबाइलवर घेतलं आणि चाचांना नेऊन दाखवलं. चाचांनी चष्मा पुसला, मोबाइल जवळ धरला, लांब धरला, आडवा धरला.

"कुत्ता है," ते म्हणाले. "आणि आजारी आहे बिचारा."

बाबांनी मोबाइल हिसकावून घेतला. "डोल्यांनी बघशील का? समोर? जिता?"

"दाखव ना! मी कुठे भागतोय? परवा दोह्याला भागतोय, त्याच्या आधी दाखव!"

अशी आमची सहल ठरली. रविवार सोडून दुसरा दिवसच नव्हता, आणि रविवारी रात्री निजामपुऱ्यातल्या हॉलमध्ये चाचांच्या निरोपाची दावत होती. दोन-अडीचशे पाहुणे, सगळं खानदान, दोह्याहून न्यायला आलेला मुलगा. दिवे लागायच्या आत आम्ही परत यायचं आणि चाचांनी दारात उभं राहून पाहुण्यांना सलाम करायचा, या अटीवर चाचींनी परवानगी दिली. आणि अटीवर नजर ठेवायला त्या स्वतःच गाडीत बसल्या. आईला विचारलं तर म्हणाली, "कोल्ह्यानं मला बघायला यावं, मी न्हाय जात."

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लूमवाल्यांना हळू बोलता येत नाही. उभा जन्म खटखटाटात गेलेला, कान निम्मे गेलेले, त्यामुळे बाबा आणि चाचा समोरासमोर बसून चहाला साखर मागतात तेव्हा शेजारचे लोक भांडण सोडवायला येतात. चाचींचं घर लूमच्या वर, त्यामुळे त्याही तशाच. मी बाबांची मुलगी, त्यामुळे मीही. लूमवर खरं काम हातांनी चालायचं. दोन बोटं ताणून सोडली की तार तुटली. मूठ खाली ओढली की लूम बंद कर. तळहात पुढे ढकलला की चालू दे. अंगठा ओठाला लावला की चहा. आणि पोटावरून हात गोल फिरवला की शेठ आला, कारण मामूंचं पोट त्यांच्या आधी दारातून आत यायचं. या खुणा मी लहानपणी लूमवर डबा द्यायला जायचे तेव्हा शिकले.

तर कुजबूज न येणारी आम्ही चार माणसं एका बुजऱ्या जनावराला बघायला निघालो होतो.

टेमघरला आमच्या घरून बाबांना घेतलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली होती आणि केसांना तेल. मी म्हटलं, जंगली जनावराला बघायला जाताना मातकट कपडे घालतात. ते म्हणाले, "मी काय लपायला चाललोय?" निजामपुऱ्यातून चाचा-चाची बसले. चाचांनी इतकं अत्तर लावलं होतं की माझी गाडी महिनाभर लग्नघरासारखी दरवळत होती. चाचींनी कबाबांचा डबा, चहाचा थर्मास, पाण्याची कॅन, दोन चादरी आणि एक छत्री घेतली होती.

"छत्री कशाला, चाची?"

"जनावर आहे. अंगावर आलं तर?"

अंजूरफाट्यापासून कंटेनरच्या रांगेत आम्ही तासभर बसलो. मी नियम सांगितला. तिथे पोचल्यावर कुणी बोलायचं नाही. सगळ्यांनी जोरात "हो" म्हटलं. शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, काय झालं?

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, त्याची जमीन गोदामवाल्यांनी घेतली. खाडीलगतची एक पट्टी त्यानं ठेवली, तिच्यावर पत्र्याची शेड घातली, आणि तिला तो 'फार्म' म्हणतो. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाइल. तिथला कोल्हा म्हणजे त्याच्या मते त्याचाच.

"टेन्शन घेव नको," त्यानं मला सांगितलं. "रोज येतो. टायमिंग फिक्स हाय. ड्युटीवर येल्यासारखा."

त्यानं बांधाच्या तोंडाशी लग्नातल्यासारख्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या आणि कोल्ह्याला बोलावणं म्हणून बांधावर चिकनच्या दुकानातली पिशवी पसरून ठेवली होती. हे बघताच मला शंका आली होती. मानकोलीत इतकी गोदामं, प्रत्येक गोदामाला चार कुत्री, आणि वास काय कोल्ह्यालाच येतो?

आम्ही बसलो. खाडीला ओहोटी होती, चिखल चमकत होता, पलीकडे तिवरांवर बगळे. थोडा वेळ खरंच शांतता होती. मग बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजायचा प्रयत्न केला.

"दिसतंय का काय?"

बगळे उडाले. सगळे.

नंतर पहिला प्राणी आला. बांधाच्या वळणावर पिवळट काहीतरी हललं आणि बाबा खुर्चीसकट पुढे सरकले. "त्यो बग! त्यो बग!"

"कुत्ता," चाचा म्हणाले.

कुत्राच होता. आमच्याच गोदामाचा, मला ओळखून त्यानं शेपूट हलवलं. पाठोपाठ एक काळा, मग एक पांढरा, मग एक तीन पायांवर चालणारा. प्रत्येक वेळी बाबा उठायचे, प्रत्येक वेळी चाचा बसल्या जागेवरून निकाल द्यायचे. दादा सांगत होता की शेपटावरून ओळखायचं, कुत्र्याचं शेपूट वर, कोल्ह्याचं खाली. आणि तेवढ्यात एक खरोखरच शेपूट खाली घातलेला आला. रोडका, भुरका, बिचकत चालणारा. बाबांचा आवाज फाटला. "शेपूट खाली हाय! बग! खाली हाय!"

मीही खुर्चीतून उठले, खोटं कशाला सांगू. मग तो प्राणी सरळ दादाकडे आला आणि त्याच्या पायाशी लोळला.

"ह्यो आपलाच हाय," दादा म्हणाला. "सकाळी लाथ घातली म्हनून शेपूट खाली."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. चाचींनी पाठ चोळली. बाबा हसले नाहीत. ते उभे होते, पांढऱ्या पँटवर चिखलाचा एक शिंतोडा, आणि त्यांचं तोंड असं झालं होतं की मी दुसरीकडे बघितलं.

"बस झालं," मी म्हटलं. "कबाब खाऊन घेऊ आणि निघू."

"न्हाय," बाबा म्हणाले. "अजून उजेड हाय."

"अरे यार, सोड ना आता!" चाचा डोळे पुसत म्हणाले. "कोल्हा बिल्हा काही नव्हतं. तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. म्हातारे झालो. एकदा बोलून टाक ना खरं."

"काय खरं?"

"तुझ्या बापानं अडवलं होतं तुला."

चाचा पुढे बोलले ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही. "मुसलमानाच्या लग्नात जेवायला जाऊ नको म्हणाले असतील घरचे. मी समजून घेतलं असतं. तसं सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी येऊन तुझ्या बापाच्या पाया पडलो असतो. पण तू सगळ्यांसमोर म्हणालास, कोल्हा. मी शेजारी कुणाला बसू दिलं नव्हतं."

मला वाटलं होतं हा विनोद आहे. जन्मभर मी त्यावर हसत आले होते.

बाबा ओरडले. "माज्या बापाला मधी आनू नको! बापानंच अहेराचा सदरा दिला व्हता तुज्यासाठी!"

"मग आला का नाहीस?"

"कोल्हा व्हता!"

"फिर वही!"

"निकाह माझाही होता," चाची मध्येच म्हणाल्या. "मला कुणी आजपर्यंत विचारलं नाही. मी म्हणते, संसार बरा झाला ना? मग कोल्हा असणारच." पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. चाचा उठले आणि बांधावरून तरातरा चालत पार टोकाला, उघाडीपाशी गेले. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं दार, त्याला सिमेंटचा कठडा असतो. त्या कठड्यावर आमच्याकडे पाठ करून बसले. बाबांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि चाचांकडे पाठ करून बसले. दादाला वाटलं भांडण कुत्र्यांमुळे झालं. तो म्हणाला, "मी ह्यांना गेटवर बांधून येतो," आणि चिकनची पिशवी उचलून सगळी वरात घेऊन निघून गेला.

दोन म्हातारे रुसले होते, चाची तसबीचे मणी ओढत होत्या, आणि मी मनातल्या मनात दोघांना शिव्या देत होते. बगळे एकेक करून परत आले. खाडीत चिखलातून बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता. इतकी शांत जागा आमच्या गोदामापासून दगड मारायच्या अंतरावर आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

सूर्य तिवरांच्या शेंड्यांना लागला तेव्हा मी चाचांना हाक मारायला म्हणून मान वळवली. ते कठड्यावरून उठले होते. आमच्याकडे तोंड करून उभे होते. आणि त्यांचा हात पोटावरून गोल फिरत होता.

मला वाटलं कबाब बाधले. पण त्यांनी खाल्लेच नव्हते. हात थांबत नव्हता. गोल, गोल, हळूहळू. मी बाबांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी रुसलेल्या माणसासारखं अर्धवट वळून पाहिलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले, पोट आत, हात बाजूला, जणू मामू खरोखरच कारखान्यात शिरले आहेत. शेठ आला.

आमच्या आणि चाचांच्या बरोब्बर मध्ये, बांधावर, तो होता.

कुत्र्यासारखाच, आणि कुत्रा अजिबात नाही. पाय बारीक, तोंड निमुळतं, अंग वाळक्या गवताच्या रंगाचं, शेपूट खाली आणि टोकाला काळं. चिखलातून आल्यामुळे चारी पायांत काळे मोजे घातल्यासारखे. त्यानं आमच्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि आम्ही कुणीही महत्त्वाचे नाही असं ठरवून वाटेच्या मधोमध बसला. मग मागच्या पायानं कान खाजवू लागला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला ते मला माहीत नाही. फार आनंद झाला होता.

आता बांधाला दुसरी वाट नव्हती. चाचा तिकडे, आम्ही इकडे, मध्ये तो. उजेड चालला होता. निजामपुऱ्यात हॉलचे दिवे लागले असतील, पाहुणे येऊ लागले असतील. चाचींच्या पर्समध्ये मोबाइल थरथरला आणि वाजायला तोंड उघडतोय तोच चाची पर्सवर बसल्या. मुलाचा फोन, दुसरं कोण? त्या बसूनच राहिल्या. खालून दबलेली गाण्याची धून येत होती आणि त्या आकाशाकडे बघत होत्या.

बाबांनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं. मी त्यांचा हात धरणार होते, पण त्यांनी ते फेकलं नाही. चाचांना दाखवलं, आणि दुसऱ्या हाताची मूठ खाली ओढली. बंद करू का? म्हणजे, हुसकू का? तुझी दावत आहे.

ज्या नियमासाठी जन्मभर खोटारडे ठरले तो नियम माझे बाबा स्वतःच्या हातानं मोडायला निघाले होते.

चाचांनी मान हलवली. मग तळहात सावकाश पुढे ढकलला. चालू दे.

आणि ते उभे राहिले. म्हातारा, अत्तर लावलेला, दोनशे पाहुण्यांचा यजमान, चिखलाच्या बांधावर एका कोल्ह्याची खाज संपायची वाट बघत. मध्ये एकदा बाबांनी अंगठा ओठाला लावला, चहा घेतोस का म्हणून, थर्मास आमच्याकडे होता. चाचांनी हातानंच एक शिवी दिली. तीही लूमवरचीच, पण ती मी डबा द्यायला जायचे तेव्हा मला कुणी शिकवली नव्हती.

कोल्हा उठला तेव्हा अंधार पडायला आला होता. त्यानं अंग झाडलं आणि तिवरांत शिरला, पान हललं नाही. त्यानंतरही चाचा थोडा वेळ तिथेच थांबले. मग बांधावरून आले, बाबांसमोर उभे राहिले.

"त्या दिवशी किती वेळ उभा होतास?"

"ह्याच्याहून लय. पिल्लं व्हती ना."

चाचांनी खाली बघितलं. "पाय दुखले असतील."

"दुखले की," बाबा म्हणाले.

माफी वगैरे कुणी मागितली नाही. चाचींनी दोघांच्या हातात चहाचे कप दिले आणि म्हणाल्या, "बघा, मी सांगत होते." तेवढ्यात तिवरांतून कोल्हेकुई सुरू झाली. एक, मग दुसरा, मग सगळी खाडी. मी ओरडले, "ऐका, कोल्हे ओरडतायत!"

"काय?" बाबा म्हणाले.

"कोण येतंय?" चाचा म्हणाले.

दादा गेटवरून परत आला. "आला का?"

दोघं एका आवाजात म्हणाले, "न्हाय."

"उद्या येल," दादा म्हणाला. "टायमिंग फिक्स हाय." मला आजही खात्री आहे की त्यानं तो कधीच पाहिलेला नाही.

चाचांनी गोदामाच्या वॉचमनच्या केबिनमागे नमाज पढली आणि आम्ही निघालो. मानकोली नाक्यावर कंटेनर आडवा झालेला. हॉलवर पोचलो तेव्हा पहिली पंगत अर्ध्यावर होती. दारात चाचांचा मुलगा उभा, लालबुंद. मागे मेहुणे, भाचे, शेजारी, सगळ्या खानदानाच्या नजरा चाचांच्या चिखलानं भरलेल्या पँटवर.

"अब्बा, कुठे होतात? लोक निघून चालले होते!"

चाचांनी छाती पुढे काढली आणि लूमवाल्याच्या खणखणीत आवाजात सगळ्या हॉलला सांगितलं, "रास्ते में कोल्हा बैठा था. हुसकायचा नसतो. बरकत जाते."

क्षणभर चमचेसुद्धा थांबले. मग कोपऱ्यातून एक मेहुणा म्हणाला, "छोड़ा इन्होंने कोल्हा!" आणि हॉल हसून कोसळला. लोक पोट धरून हसत होते. भाचे एकमेकांना टाळ्या देत होते. चाचा हात वर करून ओरडत होते, "अरे सच में! मैंने देखा! बच्ची, सांग ना!" मी सांगितलं, चाचींनी सांगितलं, आणि लोक अजूनच हसले, कारण घरची माणसं तर साथ देणारच.

चाचांनी बाबांचा दंड धरला, त्यांना ओढत जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापर्यंत नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. उरलेल्या सगळ्या पाहुण्यांना सरकायला लावून.

"हा आहे साक्षीदार," ते म्हणाले. "हा कधी खोटं बोलत नाही. विचारा याला."

असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. मी बाबांकडे बघत होते. त्यांनी सावकाश बाही मागे सारली, बिर्याणीतला बटाटा बाजूला केला, एक घास घेतला, तो नीट चावला. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"कुत्रा व्हता," बाबा म्हणाले.

हॉल असा हसला की छत उडालं असतं. चाचांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी बाबांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. बाबा मान खाली घालून दुसरा घास कालवत होते, खांदे मात्र गदगदत होते. मग चाचांचा हात हळूच पोटावर गेला आणि गोल फिरू लागला. गोल, गोल. बाबांनी जेवणाच्या हातानंच उत्तर दिलं, आपल्या पांढऱ्या शर्टावर, मसाल्यासकट.

मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.

लोकांना वाटलं, म्हातारे उपाशी आहेत. चाचींची बहीण पातेलं घेऊन धावत आली आणि दोघांच्या ताटांत आणखी दोन दोन मोठे डाव बिर्याणी घालून गेली.